डिफ बघायचा म्हणजे नेमकं कशाशी काय ताडून बघायचं?

मिरजेहून विश्रामबागच्या एका छोट्या ऑफिसात रोज ये-जा करणाऱ्या, नोकरीला लागून चारच महिने झालेल्या एका मुलीने विचारलंय: "दादा, मी तीन ओळी बदलल्या, तरी डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते. माझी ब्रँच मेनशी ताडून बघितली तर मी हातही न लावलेले बदल माझ्या नावावर दिसतात. आणि सीनियर सारखे म्हणतात, रिव्ह्यूला द्यायच्या आधी स्वतःचा डिफ वाचत जा. वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?"

डिफ म्हणजे कोडच्या दोन प्रतींतला फरक: गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी. तो काढून देतं गिट, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारं साधन. त्यात मेन ही सगळ्यांची मुख्य प्रत आणि ब्रँच म्हणजे तिच्यावरून आपल्या कामासाठी काढलेली फांदी. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आधी तेच सांगतो, मग एकेक घेऊ. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या हे तुला ठाऊकच आहे.

घरी शेती असेल तर सातबारा आणि फेरफार हे दोन्ही कागद तू बघितले असशील. सातबारा सांगतो की आज जमीन कुणाच्या नावावर आहे आणि किती. फेरफारात बदलाची नोंद असते: वारस लागले, खरेदीखत झालं, बँकेचा बोजा चढला. नव्या मुलांना वाटतं की गिट म्हणजे फेरफाराची वही. तसं नाही. गिट प्रत्येक कमिटला, म्हणजे आपण काम नोंदवतो त्या प्रत्येक टप्प्याला, अख्ख्या प्रोजेक्टचा सातबारा काढून ठेवतो. फेरफार त्याच्याकडे लिहिलेला नसतोच. आपण मागितला की तो दोन सातबारे शेजारी ठेवतो आणि त्या क्षणी फेरफार तयार करून हातात देतो. डिस्कवरची जागा वाचवायला आत तो फाइली एकमेकींच्या फरकाच्या रूपात दाबून ठेवतो हे खरं, पण ती साठवणुकीची सोय झाली, आपल्याला दिसणाऱ्या डिफशी तिचा संबंध नाही.

फाइलचं नाव बदललं हेसुद्धा गिट कुठे नोंदवत नाही. एक फाइल गेली, दुसरी आली, दोघींतला मजकूर निम्म्याहून जास्त सारखा निघाला, तर डिफ दाखवताना तो "नाव बदललंय" असा अंदाज बांधतो. म्हणून नाव बदलायचं आणि आतला कोडही पालटायचा, ही दोन कामं एका कमिटमध्ये करू नकोस. मजकूर फार बदलला की अंदाज चुकतो आणि रिव्ह्यू करणाऱ्यापुढे एक फाइल पूर्ण लाल, दुसरी पूर्ण हिरवी येते.

तेव्हा "काय बदललं?" हा प्रश्न अर्धवट आहे. "कशापासून कशापर्यंत?" हे ठरवल्याशिवाय डिफला अर्थ नाही. डिफ विचित्र दिसला की आधी ही दोन टोकं तपासायची. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच सुटतो.

रोजच्या कामात तुझ्या मशिनवर एकाच फाइलच्या तीन अवस्था असतात: एडिटरमध्ये सेव्ह केलेली, गिट अॅड करून स्टेज केलेली, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेली, आणि शेवटच्या कमिटमधली. नुसतं "गिट डिफ" पहिल्या दोघींतला फरक दाखवतं, म्हणजे जे अजून स्टेज केलं नाहीस ते. "गिट डिफ --स्टेज्ड" स्टेज केलेलं आणि शेवटचा कमिट यांतला फरक दाखवतं, म्हणजे आत्ता कमिट केलं तर आत काय जाईल ते. "गिट डिफ हेड" शेवटच्या कमिटपासून आजपर्यंतचं सगळं एकत्र दाखवतं. सगळं अॅड केल्यावर गिट डिफ मारलं आणि काहीच आलं नाही म्हणून घाबरलेली मुलं मी बघितलीत. बदल कुठे गेलेले नसतात, चुकीच्या दोन टोकांची तुलना झालेली असते. आणि एक लक्षात ठेव, अगदी नवी, कधीच अॅड न केलेली फाइल नुसत्या गिट डिफमध्ये येतच नाही. ती गिट स्टेटसमध्ये दिसते. "माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही" याचं कारण पुष्कळदा ही राहून गेलेली फाइल असते.

स्टॅशचंही, म्हणजे अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायच्या जागेचंही, तसंच. हरिपूरच्या पेवात हळद ठेवावी तसं आपण काम स्टॅशमध्ये ठेवतो, फरक एवढाच की पेवात काय आहे हे मालकाला माहीत असतं. स्टॅश उघडायच्या आधी "गिट स्टॅश शो -पी" करून आत काय आहे ते बघून घे.

आता अख्खी फाइल लाल-हिरवी होण्याबद्दल. कारण बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी असतं. विंडोजवर ओळ संपल्याची खूण दोन अदृश्य अक्षरांची असते, लिनक्सवर एकाची. तुझ्या एडिटरने फाइल सेव्ह करताना ती खूण बदलली की गिटच्या दृष्टीने प्रत्येक ओळ वेगळी झाली. दिसायला दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या, म्हणून माणूस चक्रावतो. दुसरं कारण ऑटो-फॉर्मॅटर: टॅबच्या जागी स्पेस, कंस खालच्या ओळीवर. कोणतं कारण आहे ते असं ओळख. "गिट डिफ --इग्नोर-सीआर-अॅट-ईओएल" करून फाइल तीन ओळींवर आली तर भानगड ओळीच्या शेवटाची. त्याने फरक पडला नाही, पण "गिट डिफ -डब्ल्यू" करून आली तर टॅब-स्पेसची. पायथॉनमध्ये मात्र -डब्ल्यू जपून वापर. तिथे ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसलाच अर्थ असतो, आणि ओळ इफच्या आतून बाहेर आली तरी -डब्ल्यू ते लपवून टाकेल.

हा पर्याय झाकून बघण्याचा, दुरुस्तीचा नव्हे. दुरुस्ती टीमने मिळून करायची. प्रोजेक्टच्या मुळाशी .गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये "* टेक्स्ट=ऑटो" ही ओळ घालायची, "गिट अॅड --रीनॉर्मलाइझ ." चालवायचं आणि तो कमिट एकटा, दुसऱ्या कुठल्याही कामाशिवाय करायचा. अशा साफसफाईच्या कमिटमुळे पुढे गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी बदलली हे सांगणाऱ्या कमांडमध्ये, सगळ्या ओळी साफसफाई करणाऱ्याच्या नावावर दिसू लागतात. त्यावरही उपाय आहे: त्या कमिटचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचा आणि ब्लेमला "--इग्नोर-रेव्ह्ज-फाइल" सांगायचं. ही सोय २०१९ सालच्या २.२३ आवृत्तीपासून आहे.

दुसरा प्रश्न ब्रँचचा, आणि इथे दोन टिंबं आणि तीन टिंबं यांतला फरक कळला की काम झालं. समज, तू सोमवारी मेनवरून "बारदान" नावाची ब्रँच काढलीस. बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या मुलाने जीएसटीचं काम मेनमध्ये घातलं. शुक्रवारी तू "गिट डिफ मेन..बारदान" केलंस. गिटने आजचं मेन आणि आजची बारदान समोरासमोर ठेवली. बारदानमध्ये जीएसटीचं काम नाही, म्हणून ते सगळं लाल रंगात, जणू तूच पुसून टाकलंस असं दिसलं. तुला हवं होतं "गिट डिफ मेन...बारदान", तीन टिंबांचं. त्यात गिट आधी दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तो सोमवारचा बिंदू शोधतो आणि तिथून तुझ्या ब्रँचच्या टोकापर्यंत काय झालं तेवढंच दाखवतो. गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपली ब्रँच मेनमध्ये घ्यायची विनंती, उघडल्यावर दिसतो तोही तीन टिंबांचाच डिफ.

गिट लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, याच टिंबांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो गोंधळ जुन्या माणसांनाही होतो. "गिट लॉग मेन..बारदान" म्हणजे बारदानमध्ये आहेत पण मेनमध्ये नाहीत ते कमिट, म्हणजे तुला हवे तेच. लॉगमध्ये तीन टिंबं दिलीस तर दोन्हीकडचे वेगळे कमिट एकत्र येतील. मी नव्या मुलांना एवढंच पाठ करायला सांगतो: डिफला तीन, लॉगला दोन.

आता तिसरा प्रश्न, डिफ वाचायचा कसा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर, कारण इथे मी एकदा जबर चुकलोय.

काही वर्षांपूर्वी आम्ही मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी हळदीच्या सौद्याची पट्टी काढणारं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. पोत्यांचं वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. पेढीने सांगितलं की इथून पुढे बारदानाचं वजन वजा करून निव्वळ वजनावर पैसे धरायचे. आमच्या मुलाने बदल केला आणि डिफ माझ्याकडे आला. नावं मराठीत करून तो इथे देतो:

@@ -४१,७ +४१,८ @@ पट्टी_काढ
 पोती_संख्या = पोती.मोजणी
 भाव = सौदा.भाव
 वजन = एकूण_वजन(पोती)
-निव्वळ = वजन
+बारदान = पोती_संख्या * पोत्याचे_वजन
+निव्वळ = वजन - बारदान
 रक्कम = निव्वळ * भाव / १००
 तोलाई = निव्वळ * तोलाई_दर / १००
 हमाली = पोती_संख्या * हमाली_दर

वरची @@ ची ओळ आधी वाचायची. जुन्या फाइलमध्ये ४१ व्या ओळीपासून ७ ओळी, नव्या फाइलमध्ये ४१ व्या ओळीपासून ८ ओळी, आणि हा तुकडा पट्टी_काढ या फंक्शनमधला. वजा असलेली ओळ गेली, अधिक असलेल्या दोन आल्या. वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी तशाच आहेत, त्या फक्त संदर्भासाठी दाखवल्यात.

मी लाल ओळ वाचली, हिरव्या दोन वाचल्या, हिशेब बरोबर वाटला आणि मंजूर केलं. आता तोलाईची ओळ बघ. तिच्यापुढे वजा नाही, अधिकही नाही. पण "निव्वळ" या शब्दाचा अर्थ वरती बदलला, तशी तोलाईही बदलली. त्या पेढीत तोलाई काट्यावर चढलेल्या पूर्ण वजनावर धरायची रीत होती. आमच्या बदलामुळे ती बारदान वगळून धरली जाऊ लागली. एका पट्टीत फरक काही पैशांचा, रुपया-दोन रुपयांचा. पण हंगामात रोज निघणाऱ्या पट्ट्या, आणि महिनाअखेरीला तोलारांचा हिशेब काही केल्या जुळेना. पेढीच्या दिवाणजींनी वही आणि आमचा प्रिंट शेजारी ठेवून एकेक पट्टी पडताळली, तेव्हा ते ध्यानात आलं. कष्ट तोलारांचे होते आणि पैसे त्यांचे कमी लागले होते. आम्ही सगळ्या पट्ट्या पुन्हा काढून फरक भरून द्यायला लावला, पण ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

शोधताना आणखी एक धडा मिळाला. तोलाईच्या ओळीवर गिट ब्लेम केलं तर दोन वर्षांपूर्वीचा कमिट दाखवला, कारण ती ओळ खरोखरच दोन वर्षं तशीच होती. "गिट लॉग -एस" (कॅपिटल एस) तोलाईसाठी चालवलं, तर तेही या बदलाबद्दल गप्प. ती कमांड एखादा शब्द फाइलमध्ये किती वेळा येतो हा आकडा जिथे बदलला तेवढेच कमिट दाखवते, आणि तोलाई हा शब्द ना वाढला होता ना घटला होता. शेवटी कामी आलं ते "गिट लॉग -एल :पट्टी_काढ:" (एलही कॅपिटल) आणि त्यापुढे फाइलचं नाव. त्याने त्या एका फंक्शनचा पूर्ण इतिहास, प्रत्येक कमिटचा डिफ घेऊन, एकाखाली एक मांडला. वरूनच दुसऱ्या कमिटमध्ये बारदान दिसलं. एखादा हिशेब कधी बिघडला हे शोधायचं असेल तर ओळीचा इतिहास बघू नकोस, फंक्शनचा बघ.

त्या दिवसापासून मी डिफ असा वाचतो. बदललेल्या ओळीत ज्या नावाला नवी किंमत मिळाली ते नाव मनात धरायचं आणि खाली जिथे जिथे ते वापरलंय त्या न बदललेल्या ओळी मोठ्याने वाचायच्या. गिट आपणहून वर-खाली तीनच ओळी दाखवतो. हमालीनंतर आणखी दहा ओळींवर ते नाव वापरलेलं असेल तर दिसणारच नाही. म्हणून हिशेबाच्या कोडमध्ये "गिट डिफ -डब्ल्यू" घ्यायचा, पण इथे कॅपिटल डब्ल्यू, तो अख्खं फंक्शन दाखवतो. छोटा डब्ल्यू स्पेस झाकतो, मोठा डब्ल्यू फंक्शन उघडतो, एवढा फरक ध्यानात ठेव. आणि ते नाव दुसऱ्या फाइलींत कुठे वापरलंय हे बघायला गिट ग्रेप आहेच.

कधी कधी डिफ वाचताच येत नाही, कारण तो माणसाच्या हेतूप्रमाणे तुकडे पाडत नाही. डिफची मूळ कल्पना गिटपेक्षा खूप जुनी आहे. बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेला डिफ १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. लॅरी वॉल यांनी १९८५ साली पॅच लिहिलं, तेव्हापासून डिफ पाठवायचा आणि समोरच्याने तो लावायचा हा रिवाज पडला. गिट आलं ते २००५ साली. त्यात न सांगता वापरली जाणारी पद्धत यूजीन मायर्स यांनी १९८६ साली मांडलेली: कमीत कमी ओळी काढून आणि घालून जुन्याचं नवं कसं होईल ते शोधायचं. कमीत कमी म्हणजे समजायला सोपं असं नव्हे. एक नवं फंक्शन मध्ये घातलंस की पुष्कळदा डिफ जुन्या फंक्शनचा बंद होणारा कंस नव्याला जोडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही फंक्शनं मोडून टाकलीत. तेव्हा "--पेशन्स" किंवा "--हिस्टोग्राम" लावून बघ. पेशन्सची कल्पना बिटटॉरंटवाल्या ब्रॅम कोहेन यांची. फाइलमध्ये एकदाच येणाऱ्या ओळी आधी एकमेकींशी जुळवायच्या आणि मग मधलं भरायचं. रिकाम्या ओळी आणि कंस शेकड्यांनी असतात, म्हणून ते मायर्सला फसवतात; पेशन्स त्यांना सुरुवातीला विचारातच घेत नाही. मी तर "डिफ.अल्गोरिदम" कायमचं हिस्टोग्राम करून ठेवलंय.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट सांगतो. आमच्या पट्टीवर छापायचे मराठी शब्द एका वेगळ्या फाइलीत होते. एकदा डिफमध्ये अशी जोडी आली:

-शेतकर्‍याचे नाव
+शेतकऱ्याचे नाव

दोन्ही ओळी कितीही वेळा वाचल्या तरी सारख्याच. फरक "ऱ्य" मध्ये होता. एकाच्या कीबोर्डवर तो साधा र, हलन्त, अदृश्य जोडणारं अक्षर आणि य असा उमटत होता. दुसऱ्याच्या कीबोर्डवर युनिकोडमधलं वेगळं अक्षर, ०९३१ क्रमांकाचं ऱ, आणि मग हलन्त व य. पडद्यावर तोच आकार, आत बाइट वेगळे. आणि हे नुसत्या डिफपुरतं राहत नाही. एका पद्धतीने साठवलेलं गाव किंवा आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. अशी जोडी दिसली की डिफ हेक्समध्ये, म्हणजे बाइटच्या आकड्यांत, बघ, आणि टीममध्ये एकच पद्धत ठरवून टाका. आम्ही ऱ चं स्वतंत्र अक्षर धरलं आणि जुनी फाइल एका वेगळ्या कमिटमध्ये बदलून घेतली. देवनागरी नावाची फाइल असेल तर गिट स्टेटसमध्ये "हळद" च्या जागी \३४०\२४४\२७१ असले आकडे दिसतात. "कोअर.कोटपाथ" फॉल्स केलंस की नाव सरळ दिसतं. लांब मराठी वाक्यात एकच शब्द बदलला असेल तर "--वर्ड-डिफ" लाव, तो शब्दाशब्दाचा फरक दाखवतो.

आता रिव्ह्यूला देण्याआधी तू काय करायचंस ते. कमिट करताना "गिट अॅड -पी" वापर. ते एकेक तुकडा समोर ठेवून विचारतं, हा घ्यायचा का? डीबगसाठी टाकलेला प्रिंट, चुकून बदललेला पासवर्ड, सहज सरळ केलेली स्पेस, सगळं तिथे पकडलं जातं. मग "गिट डिफ --स्टेज्ड --स्टॅट" करून फाइलींची यादी बघ. यादीत अनोळखी फाइल दिसली की थांबायचं. त्यानंतर "गिट डिफ --स्टेज्ड --चेक", ते ओळीच्या शेवटची फालतू स्पेस आणि मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रँच एकत्र करताना, चुकून राहिलेल्या खुणा दाखवून देतं. आणि मग पूर्ण डिफ, वर सांगितलं तसा वाचून. कोड एका जागेवरून दुसरीकडे हलवला असशील तर "--कलर-मूव्ह्ड" लाव, नुसतं हललेलं आणि खरोखर बदललेलं वेगळ्या रंगांत दिसतं. हलवणं आणि बदलणं दोन कमिटमध्ये केलंस तर तुझ्या सीनियरचा अर्धा तास वाचेल.

मर्ज कमिटवर "गिट शो" केलंस आणि रिकामं आलं तर दचकू नकोस. तिथे न सांगता फक्त दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं झालेलंच दिसतं. मर्जने मेनमध्ये काय आणलं ते हवं असेल तर "गिट शो --फर्स्ट-पेरेंट" कर.

शेवटी एक. सीनियरने सुधारणा सांगितल्या, तू ब्रँच रीबेस करून, म्हणजे आजच्या मेनवर नव्याने बसवून, पुन्हा पाठवलीस, तर त्यांना सगळं पहिल्यापासून वाचायला लावू नकोस. रीबेसच्या आधी जुन्या टोकाला "बारदान-जुनी" असं नाव देऊन ठेव आणि नंतर "गिट रेंज-डिफ मेन बारदान-जुनी बारदान" चालव. २०१८ पासून गिटमध्ये असलेली ही कमांड कमिटला कमिट जोडून दाखवते की पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेत काय वेगळं केलंस. ते आउटपुट रिव्ह्यूबरोबर पाठव, आणि तोलाईसारख्या न बदललेल्या ज्या ओळींवर तुझ्या बदलाचा परिणाम होतोय त्या ओळींचे क्रमांक कमिट मेसेजमध्ये लिही.